चेक इंजिनचा दिवा विझतो आणि परत लागतो, तेव्हा काय करायचं

गेल्या पावसाळ्यापासून पाच महिन्यांत माझ्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा चार वेळा लागला. पहिल्यांदा लागला तो ठाण्यात घोडबंदर रोडवर, मानपाड्याच्या अलीकडे, संध्याकाळच्या गर्दीत. पहिल्या गॅरेजने स्कॅनर लावला, गाडीने नोंदवलेला दोषाचा कोड डिलीट केला, पाचशे रुपये घेतले. आठवड्याने दिवा परत. दुसरीकडे ऑक्सिजन सेन्सर (इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग) बदलला, चार हजार आठशे. बारा दिवसांनी दिवा परत. तिसरीकडे थ्रॉटल बॉडी (इंजिनमध्ये हवा सोडणारी झडप) साफ केली आणि सोबत डीकार्बोनायझिंगही (इंजिनच्या आतल्या काजळीची सफाई) केलं. त्यानंतर महिनाभर बरं गेलं आणि पुन्हा तोच पिवळा दिवा. शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका वयस्क मेकॅनिकने वीस मिनिटांत दोष शोधला. ब्रीदर होजच्या (इंजिनमधल्या वाफा परत आत नेणाऱ्या रबरी नळीच्या) वळणावर, खालच्या बाजूला नखाएवढी चीर होती. नवा होज दोनशे साठ रुपयांचा.

या सगळ्यात कोणीही मला कोडचा नंबर सांगितला नव्हता आणि तो विचारायचा असतो हे मला माहीत नव्हतं. तुमचे तेवढे पैसे आणि महिने वाचावेत म्हणून मी जे शिकलो ते क्रमाने लिहितो.

१. दिवा कसा लागलाय ते आधी बघा

दिवा पिवळा आणि स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घाबरू नका. घरी या, एक-दोन दिवसांत बघा.

दिवा पिवळा आहे पण लुकलुकतोय आणि गाडी झटके देतेय, म्हणजे इंजिन जोरात मिसिंग मारतंय (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही). न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला जातं आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. कन्व्हर्टर आतून वितळतो, आणि तो बदलायचा खर्च बाकी सगळ्या दुरुस्त्यांपेक्षा मोठा असतो. अशा वेळी रेस देऊ नका, सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या आणि टो करून न्या. गायमुखच्या चढावर किंवा वाशीच्या खाडीपुलावर असाल तर हॅझर्ड लावून हळूहळू पुढे निघा, पुलावर मध्येच थांबू नका.

लाल दिवे वेगळे. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर जागा मिळेल तिथे थांबा आणि इंजिन बंद करा. या लेखाचा त्या दोघांशी संबंध नाही.

आणखी एक. चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. सुरू झाल्यावर तो विझतो. चावी ऑन करूनही लागत नसेल तर दिवाच गेला आहे किंवा कोणीतरी मुद्दाम बंद केला आहे. जुनी गाडी घेताना हे नक्की बघा.

२. जवळ काय हवं

- ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले कोड वाचणारं यंत्र. फोनला ब्लूटूथने जोडणारा ईएलएम ३२७ प्रकारचा छोटा डोंगल साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. आयफोन असेल तर त्यावर चालणारा, म्हणजे वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा घ्या. साधा ब्लूटूथ डोंगल आयफोनला जोडला जात नाही.
- फोनवर एखादं ॲप. अँड्रॉइडवर टॉर्क आणि कार स्कॅनर ही दोन्ही चालतात, आयफोनवर कार स्कॅनर.
- टॉर्च, जाड हातमोजे, काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे, पाण्याची फवारणीची बाटली, हातभर रबरी नळी.
- एक छोटी वही. ती गाडीतच राहू द्या.
- कागदांमध्ये आरसी, विमा, पीयूसी, सर्व्हिस बुक, वॉरंटीची पुस्तिका आणि आधीच्या सगळ्या दुरुस्त्यांची बिलं. सीएनजी असेल तर सिलिंडरच्या हायड्रो टेस्टचं (पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीचं) प्रमाणपत्रही.

गाडी वॉरंटीत असेल तर पुढचं फार करत बसू नका. कोड वाचा, फोटो काढा आणि सरळ सर्व्हिस सेंटरला जा. स्वतः कपलर (वायरींचे जोड) उघडले, वायरी कापल्या, तर वॉरंटीचा वाद तुमच्याच गळ्यात पडतो.

३. कोड पुसण्याआधी वाचा आणि लिहून ठेवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच.

ओबीडीचा पोर्ट सोळा पिनांचा असतो आणि बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर सापडतो. भारतात ओबीडी-२ ची सक्ती एप्रिल २०१३ पासून आहे, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत हा पोर्ट आणि नेहमीचे कोड मिळतील. चावी ऑन करा, डोंगल लावा, ॲप जोडा. मग हे लिहून घ्या:

साठवलेले कोड. पेंडिंग कोड, म्हणजे दोष एकदा दिसला पण दिवा लागण्याइतका अजून पक्का झालेला नाही. आणि फ्रीज फ्रेम.

फ्रीज फ्रेमकडे फार थोडे लोक बघतात. दोष नोंदवला त्या क्षणी इंजिनचे आरपीएम किती, गाडीचा वेग किती, पाणी किती गरम, इंधनाचं प्रमाण किती, हे सगळं गाडी स्वतः जपून ठेवते. माझ्या गाडीचं म्हणणं असं होतं: वेग शून्य, आरपीएम ७४०, कूलंट ९१ अंश, लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक २३ टक्के (ट्रिम म्हणजे इंजिन ठरलेल्यापेक्षा किती जास्त किंवा कमी इंधन सोडतंय तो आकडा, लाँग टर्म म्हणजे बऱ्याच काळचा). म्हणजे दोष पकडला गेला तो उभ्या गाडीत, आयडलिंगवर (रेस न देता इंजिन चालू), इंजिन गरम असताना. या चार आकड्यांत निम्मं उत्तर होतं. पहिल्या तिन्ही गॅरेजांत कोड पुसताना तेही पुसलं गेलं.

बॅटरीची वायर काढून दिवा घालवायचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. नका करू. कोड जातो, फ्रीज फ्रेम जाते, इंजिनने शिकून ठेवलेलं इंधनाचं प्रमाणही जातं. दोष मात्र जागेवरच राहतो आणि पुढचे काही दिवस आयडलिंग बिघडतं ते वेगळंच.

डोंगल कायम लावून ठेवू नका. तो थोडी थोडी बॅटरी खात राहतो. गाडी आठ-दहा दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिली तर सकाळी स्टार्ट होणार नाही.

४. कोडचा अर्थ नीट लावा

कोडमध्ये इंजिनला काय दिसलं तेवढंच असतं. कुठला भाग बदलायचा, हे त्यात नसतं. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. ही गोष्ट ऑक्सिजन सेन्सरच्या निरीक्षणावरून कळते, म्हणून लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात. माझ्याकडेही तेच झालं. सेन्सर खरं बोलत होता आणि आम्ही त्यालाच काढून टाकलं.

पी नंतर शून्य असेल तर कोड बहुतेक सगळ्या कंपन्यांना समान. एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा, त्याचा अर्थ दुसऱ्या कंपनीच्या यादीत शोधू नका.

नेहमी दिसणारे काही कोड:

*पी ०३०० आणि पी ०३०१ ते ०३०४.* मिसिंग. ०३०० म्हणजे एकापेक्षा जास्त सिलिंडर किंवा नेमका सांगता येत नाही. ०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल तर फुकटची चाचणी आहे: इंजिन बंद आणि थंड असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल एकमेकींच्या जागी लावा, कोड पुसा, गाडी फिरवा. आता ०३०३ आला तर कॉइल खराब. ०३०२ च राहिला तर प्लग, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) किंवा कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमधल्या दाबाकडे) बघा. दोन दिवसांत कळतं आणि एक पैसा लागत नाही.

*पी ०१७१.* याच्यासाठी ॲपमध्ये फ्युएल ट्रिमचे आकडे बघा, शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग यांची बेरीज करा. इंजिन गरम करून आधी आयडलिंगवर वाचा, मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून २५०० आरपीएमवर वाचा. आयडलिंगला आकडा मोठा आणि रेस दिल्यावर उतरतो, तर कुठून तरी चोरून हवा शिरतेय. इंजिन हळू चालताना आत येणारी हवा मुळातच कमी, म्हणून गळतीचा वाटा मोठा दिसतो. उलट रेस आणि लोडवर आकडा चढत असेल तर पेट्रोल पंप, फिल्टर, इंजेक्टर किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर. माझा आकडा २३ वरून ६ वर उतरला होता.

ही खूण हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असलेल्या गाड्यांत स्पष्ट दिसते. आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या गाड्यांत त्याऐवजी मॅनिफोल्डमधला (इंजिनमध्ये हवा नेणाऱ्या पाइपांमधला) दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे अशी गळती असली तर बऱ्याचदा ट्रिमपेक्षा आयडलिंगच चढलेलं दिसतं.

इथेनॉलबद्दल सगळे विचारतात. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे ई-२० वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, इंजिनला थोडं जास्त इंधन सोडावं लागतं आणि ट्रिम काही अंकांनी वर सरकतो. पण निरोगी गाडी तेवढं सांभाळून घेते. वीसच्या पुढचा आकडा एकट्या इथेनॉलवर ढकलून मोकळं होऊ नका.

*पी ०४२०.* कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय. हा कोड आला की थेट कन्व्हर्टर बदलायचं एस्टिमेट हातात पडतं. आधी सायलेन्सरच्या पुढच्या पाइपला कुठे फट आहे का, मिसिंग आहे का, कन्व्हर्टरमागचा ऑक्सिजन सेन्सर ठीक आहे का, हे तपासून घ्या. आतला भाग काढून पोकळ करून देतो असं कोणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. गाडीच्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि धूर आपल्याच गल्लीत राहतो. कन्व्हर्टर खरोखर बदलावाच लागला तर जुना परत मागा किंवा त्याची किंमत बिलातून वळती करून घ्या. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतात, भंगारातही त्याला पैसे येतात.

*पी ०१२८.* इंजिन वेळेत गरम होत नाही. बहुधा थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारी झडप) उघडाच अडकलेला असतो. कोणीतरी ‘मुंबईत लागत नाही’ म्हणून काढूनही टाकलेला असतो. परत बसवा, ॲव्हरेज सुधारेल.

परदेशी व्हिडिओंत पहिला सल्ला असतो पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा. टाकीतल्या वाफेची गळती तपासणं अमेरिकेतल्या नियमांत सक्तीचं आहे, आपले नियम युरोपच्या धर्तीवरचे आहेत आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ती तपासणीच नसते. झाकण जरूर घट्ट लावा, पण त्याने दिवा जाईल म्हणून आठवडा वाया घालवू नका.

५. डोळ्यांनी आणि कानांनी जे कळतं ते आधी

बोनेट उघडा, इंजिन थंड असताना.

पहिलं काम उंदीर. ठाणे-नवी मुंबईत, विशेषतः तळमजल्याच्या पार्किंगमध्ये, पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली घर करतात. सेन्सरच्या बारीक वायरी कुरतडलेल्या, लेंड्या, कापसाचे तुकडे दिसतात का बघा. एक वायर तुटली की सेन्सरचा कोड येतो, आणि सेन्सर बदलून काहीच होत नाही. वायर जोडायची तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून सोल्डर आणि हीट श्रिंक स्लीव्ह लावून. नुसती पिळून टेप मारलेली जोडणी पुढच्या पावसात दगा देते.

दुसरं कपलर. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर खालच्या बाजूचे कपलर, विशेषतः ऑक्सिजन सेन्सरचा, उघडून बघा. पिनांवर हिरवट पांढरी पूड दिसली तर काँटॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, घट्ट दाबून बसवा. खाडीच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी हे वर्षातून एकदा करावंच. कपलर उघडताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढणं चांगलं, पण कोड लिहून झाल्यावर.

तिसरं होज. वागळे इस्टेटच्या त्या मेकॅनिककाकांनी काय केलं ते सांगतो. इंजिन चालू ठेवलं, हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक मॅनिफोल्डच्या भोवती प्रत्येक होजवरून हळूहळू फिरवलं. एका जागी थांबले, नळी माझ्या हातात दिली. बाहेरून काहीच ऐकू येत नव्हतं, नळीतून मात्र बारीक सीऽऽ असा आवाज स्पष्ट. मग बाटलीने तिथे थोडं पाणी फवारलं. आवाज क्षणभर बदलला, आयडलिंग हललं. इंजिन बंद करून होज काढला आणि बोटांनी वाकवला, तेव्हा वळणाच्या पोटात चीर उघडली. सरळ धरला की ती मिटायची. म्हणूनच बघून कोणाला दिसली नाही.

हे तुम्हीही करू शकता, पण चालत्या पंख्यापासून आणि बेल्टपासून हात, ओढणी, सैल बाही लांब ठेवा. पाणी कॉइल आणि कपलरवर उडू देऊ नका. गळती शोधायला उदबत्तीचा धूर किंवा पेट्रोलचा फवारा वापरणारे आहेत. ते तुम्ही करू नका, आणि सीएनजी गाडीजवळ तर ठिणगीही नको.

एअर फिल्टर, ऑइलची पातळी, बॅटरीचे टर्मिनल हे ओघाने बघून घ्या. बॅटरी कमजोर असली तर एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम येतात.

६. सीएनजी असेल तर

आपल्या भागात हा निम्म्या घरांचा प्रश्न आहे. पहिली चाचणी: तीन-चार दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. कोड आणि ट्रिम लिहा. मग तितकेच दिवस सीएनजीवर.

ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या मेहुण्याची गाडी सीएनजीवर पातळ मिश्रणाचा कोड द्यायची, पेट्रोलवर अजिबात नाही. म्हणजे एअर फ्लो सेन्सर, होज यांना आधीच सुट्टी मिळाली. दोष सीएनजीच्या बाजूलाच. गॅसचा फिल्टर तेलकट काळा होऊन चोंदला होता. फिल्टर बदलला आणि दिवा गेला.

दोन्ही इंधनांवर कोड येत असेल तर किटला दोष देत बसू नका. प्लग आणि कॉइल आधी बघा, कारण सीएनजीला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि हे दोन्ही भाग लवकर थकतात. कायम सीएनजीवरच चालवणाऱ्यांनी आठवड्यातून थोडं पेट्रोलवरही चालवावं, नाहीतर पेट्रोलचे इंजेक्टर चिकटतात. रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), पाइप, सिलिंडर यांना स्वतः हात लावायचा नाही, ते अधिकृत किटवाल्याचं काम. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते, तीही याच फेरीत करून टाका.

७. डिझेल असेल तर

बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. रोज पाच-सहा किलोमीटर, तेही गर्दीतून, अशी गाडी चालली तर त्यातली काजळी जळायला वेळच मिळत नाही. डीपीएफचा दिवा लागला तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हायवेवर एकसारख्या वेगाने गाडी चालवा, साधारण पंधरा-वीस मिनिटं, आणि मध्ये बंद करू नका. डीपीएफसोबत चेक इंजिनचा दिवाही लागला असेल तर हायवेवर न नेता सर्व्हिस सेंटरला न्या.

८. गॅरेजात गेल्यावर

जाऊन ‘दिवा लागतोय’ एवढंच सांगू नका. वही पुढे ठेवा: हा कोड, ही फ्रीज फ्रेम, आयडलिंगला ट्रिम इतका, २५०० ला इतका, याआधी हे हे बदललंय. चांगला मेकॅनिक खूश होतो, त्याचा अर्धा तास वाचतो. ज्याला तपासायचंच नाही तो तुमची वही बाजूला सारतो, आणि तिथून निघायचं हे तुम्हाला तिथेच कळतं.

भाग बदलायला सांगितला तर एकच प्रश्न विचारा: ‘हा भाग खराब आहे हे कशावरून तपासलं?’ कोडवरून, असं उत्तर आलं तर तपासणी अजून झालेली नाही. व्होल्टेज मोजलं, भाग अदलाबदल करून बघितला, प्रेशर बघितलं, असं काही उत्तर हवं. कोड डिलीट करण्याआधी फोटो काढून द्यायला सांगा. जुना भाग परत मागा. बिलावर कोडचा नंबर लिहून घ्या.

डीकार्बोनायझिंगबद्दल माझं मत असं की फाटलेला होज आणि तुटलेली वायर त्याने सांधली जात नाही. दोष सापडण्याआधी त्यावर पैसे घालू नका. कुर्ल्याच्या बाजारात वापरलेले भाग स्वस्तात मिळतात. आरसा किंवा दरवाजा तिथून घ्यायला हरकत नाही, ऑक्सिजन सेन्सर आणि कॉइल मात्र नवेच घ्या.

पीयूसी पास झाली म्हणजे गाडी ठीक, असंही धरू नका. तिथे सायलेन्सरमधून येणारा धूर मोजतात, ओबीडीचे कोड वाचत नाहीत. दिवा लागलेली माझी गाडी पीयूसीत पास झाली होती.

९. दुरुस्ती खरंच झाली का, हे तपासा

दुरुस्तीनंतर कोड पुसा. दिवा विझणारच, त्याने काही सिद्ध होत नाही. ॲपमध्ये रेडीनेस मॉनिटर बघा. कोड पुसल्यावर ते ‘अपूर्ण’ दिसतात आणि गाडीने स्वतःच्या सगळ्या चाचण्या पूर्ण केल्या की ‘पूर्ण’ होतात. त्यासाठी थंड इंजिन सुरू करून काही मिनिटं आयडलिंग, मग थांबत-थांबत थोडं शहरात, मग पंधरा-वीस मिनिटं एकसारखा वेग, आणि अधूनमधून ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्येच हळू होऊ देणं, असा मिश्र प्रवास लागतो. घोडबंदर रोडवर हे होत नाही. मी रविवारी सकाळी सहाला निघालो, ऐरोली पुलावरून ठाणे-बेलापूर रोडला लागलो, वाशीहून पाम बीच रोडने वेगमर्यादेत बेलापूरपर्यंत गेलो आणि परत आलो. घरी पोचेपर्यंत एक सोडून सगळे मॉनिटर पूर्ण झाले, तो एक दुसऱ्या दिवशी झाला. आयडलिंगचा ट्रिम २३ वरून ३ वर आला होता.

जुनी गाडी विकत घेताना हीच तपासणी करा. दिवा बंद आणि सगळे मॉनिटर अपूर्ण, म्हणजे कोणीतरी नुकताच कोड पुसलाय किंवा बॅटरी काढली आहे. विकणाऱ्याला विचारा आणि दोन दिवसांनी परत बघायला जा.

पंधरा दिवसांनी पेंडिंग कोड परत एकदा वाचा. रिकामे असतील तर वहीत तारीख आणि किलोमीटर लिहा. तोच कोड पेंडिंगमध्ये आला असेल तर दिवा लागायची वाट न बघता नवी फ्रीज फ्रेम मिळतेय का बघा, असेल तर जुनीशी ताडून पाहा, आणि बिल घेऊन त्याच गॅरेजात जा.